मिसळणाच्या डब्यातली हळद आणि कॅप्सूलमधली हळद

मैत्रिणींनो, या अंकातला आरोग्याचा पाठ हळदीवर आहे. तुम्ही म्हणाल, सातारा-सांगलीच्या बायकांना हळद काय शिकवायची! बरोबरच आहे. वाई, कोरेगाव, कराडपासून खाली वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत कितीतरी घरांत हळद पिकते. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बेणं लावायचं, आठ-नऊ महिने जपायचं, मग काढणी, मोडणी, शिजवणं, वाळवणं. जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी आणि सोरा गड्डा वेगळा, ही निवड डोळे मिटून करणाऱ्या बाया आपल्या गटांत आहेत. कायलीतली हळद शिजली का, हे काडी टोचून सांगणाऱ्याही आहेत. त्यांना मी काय सांगणार?

म्हणून हा पाठ शेतातल्या हळदीचा नाही. हा पाठ हळदीच्या कॅप्सूलचा आहे. गेल्या काही महिन्यांत गटांच्या सभांमध्ये हा विषय सारखा निघतोय. कुणी गुडघ्यासाठी घेतंय, कुणी साखरेसाठी, कुणी "प्रतिकारशक्तीसाठी", तर कुणी नुसतंच चांगलं असतं म्हणून. विकणारी बहुतेक वेळा ओळखीची असते, कधी नात्यातली, कधी आपल्याच गटातली. एकीने चार जणींना जोडायचं, त्या चौघींनी पुन्हा चार जणींना, अशी ती साखळी. त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. आणि तिचं एक वाक्य ठरलेलं असतं, "अगं, हळदच तर आहे! हळदीने कुणाला कधी काय झालंय का?"

याच वाक्याचा आज आपण नीट विचार करू. वरवर ते खरं वाटतं, पण त्यातली "हळदच तर आहे" ही अर्धी बाजू खरी नाही.

सांगलीच्या हळदीवरचा विश्वास

आपला हळदीवरचा विश्वास काही आजचा नाही. सांगलीचा हळदीचा बाजार देशभर माहीत आहे. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या जमिनीत पेवं होती. पेव म्हणजे जमिनीखाली खोल खणलेलं कोठार. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं खराब झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे सांगलीच्या नावाने दुसरीकडची हळद विकायला कायद्याने मनाई झाली.

त्याआधीची एक गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांना हळदीने जखम भरते या "शोधा"चं पेटंट मिळालं. आपल्या आज्या-पणज्या जे करत आल्या, ते कुणीतरी आपल्या नावावर करून घेतलं. तेव्हा आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुने ग्रंथ, जुने छापील लेख गोळा केले, हे ज्ञान आमच्याकडे पूर्वीपासून आहे हे दाखवून दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

ही गोष्ट अभिमानाची आहेच. पण त्यात आजीचं ज्ञान नेमकं कोणतं होतं, ते बघा. जखमेवर हळद दाबायची, कढत दुधात चिमूटभर घालायची, भाजी-आमटीत घालायची, अंगाला लावायची. हे सगळं अख्ख्या हळदीचं आणि थोड्या हळदीचं ज्ञान आहे. कॅप्सूलमध्ये जे भरलेलं असतं ते आजीने कधी पाहिलंही नव्हतं. तेव्हा कॅप्सूल विकताना आजीची साक्ष काढायची नाही.

हिशेब करून बघू

हळदीला पिवळा रंग देणारं जे द्रव्य आहे त्याला कर्क्युमिन म्हणतात. हळदीच्या बऱ्याचशा औषधी गुणांचं श्रेय त्यालाच दिलं जातं. चांगल्या हळदीत ते साधारण ३ ते ५ टक्के असतं. बाकीचा भाग म्हणजे पिठूळ भाग, तंतू, तेल वगैरे.

आता आपण गटाचा जमाखर्च मांडतो तसा हिशेब मांडू. समजा, पाच माणसांच्या घरात महिन्याला पाव किलो हळद लागते. म्हणजे माणशी दिवसाला दीड-पावणेदोन ग्रॅम. त्यात ३ टक्क्यांनी कर्क्युमिन झालं सुमारे ५० मिलिग्रॅम. आता कॅप्सूलची डबी घ्या. बऱ्याच डब्यांवर लिहिलेलं असतं, हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. घरातली एक बाई नऊ-दहा दिवसांत जेवणातून जेवढं खाते, तेवढं एका घोटात. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली, तर एका दिवसात जवळजवळ वीस दिवसांचं.

एवढ्यावर थांबत नाही. जेवणातलं कर्क्युमिन आपलं शरीर फारसं शोषून घेतच नाही. बरंचसं तसंच बाहेर पडतं, आणि जे शोषलं जातं त्याचाही निचरा यकृत लगेच करून टाकतं. ही निसर्गाचीच सोय म्हणायची. पण कंपन्यांना ती अडचण वाटते. म्हणून कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्क घालतात. त्याचं नाव पायपरिन. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तर माणसाच्या शरीरात कर्क्युमिन पोहोचण्याचं प्रमाण २० पटीने वाढतं. डब्यांवर "२००० टक्के जास्त शोषण" असं जे मोठ्या अक्षरांत छापतात, ते इथून आलंय. यकृताच्या निचऱ्याच्या मोरीत बोळा कोंबायचा आणि त्याचीच जाहिरात करायची, असा तो प्रकार आहे. दुधात आपण चिमूटभर मिरपूड टाकतो त्याला घाबरू नका. ती मात्रा अगदीच वेगळी.

खाण्यातले रंग आणि मिसळणी तपासणारी संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती आहे. तिने कर्क्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला १५० मिलिग्रॅम. ही मर्यादा जन्मभर रोज खाल्लं तरी चालेल अशा हिशेबाने, सावधगिरीने ठरवलेली असते. तिच्या पलीकडे गेलं की लगेच विषबाधा होते, असं नाही. पण डब्यातल्या हळदीने आपण या मर्यादेच्या खूप आत राहतो आणि एका कॅप्सूलने तिप्पट पुढे जातो, एवढं कळलं तरी पुरे.

मग फायदा काहीच नाही का?

आहे. खोटं कशाला सांगायचं?

गुडघ्याच्या संधिवातावर सगळ्यांत जास्त अभ्यास झाले आहेत. २०१४ मध्ये थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना आयबुप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामक गोळी दिली आणि निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क. चार आठवड्यांनी दोन्हीकडे आराम साधारण सारखाच होता आणि हळदवाल्यांना पोटदुखीचा त्रास कमी झाला. ज्यांना वेदनाशामक गोळी पोटाला सोसत नाही, त्यांच्यासाठी ही कामाची गोष्ट आहे.

पण त्यातल्या दोन गोष्टी विकणारी सांगत नाही. एक, ती चाचणी चार आठवड्यांची होती आणि रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. दुसरी, गुडघ्याची झीज त्याने भरून आली असं कुणीही म्हटलेलं नाही. दुखणं कमी झालं, एवढंच.

बाकी साखर, कॅन्सर, विसरभोळेपणा, वजन यांवर शेकडो प्रयोग झाले, त्यात उंदरांवरचे आणि काचेच्या बशीतले पुष्कळ. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी तोवरच्या सगळ्या कामाचा आढावा घेतला. माणसांवरच्या १२०हून अधिक चाचण्या होऊनही खात्रीने पास झालेली एकही कडक चाचणी त्यांना सापडली नाही. तेव्हा कुणी "साखरेची गोळी बंद कर आणि ही घे" म्हणालं, तर तिथेच उठा. साखरेची आणि रक्तदाबाची गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही, मग सांगणारी सख्खी जाऊ का असेना.

बाधते कुणाला?

२०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या वीसहून अधिक लोकांना यकृताला सूज आल्याचं आढळलं. सरकारने गोळ्या तपासल्या. भेसळ असेल, कीटकनाशक असेल, असं आधी वाटलं होतं. तसं काही निघालं नाही. काही माणसांच्या शरीराला तो अर्कच सोसत नाही, किंवा आधीच पित्ताशयाचा-यकृताचा आजार असतो, किंवा दुसऱ्या औषधाशी तो भांडतो, असा निष्कर्ष निघाला. मग डब्यांवर इशारा छापायची सक्ती झाली.

अमेरिकेतल्या औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची माहिती छापली. त्यात ८ बायका होत्या. ५ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं आणि एक रुग्ण दगावला. दहापैकी सात जणांच्या अंगात एक ठरावीक आनुवंशिक खूण सापडली. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण ज्याच्या रक्तात ती खूण असेल त्याला होऊ शकतं, आणि ती कुणात आहे हे बाहेरून दिसत नाही. लाखो लोक या गोळ्या घेतात, त्या मानाने हा आकडा लहानच आहे. म्हणून घाबरून जाऊ नका. पण "हळदीने कुणाला काय होतंय" या वाक्याचं उत्तर मिळालं ना?

लक्षणं लक्षात ठेवा: जेवण नकोसं वाटणं, मळमळ, फार थकवा, अंगाला खाज, लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं. इथे एक गंमत होते, आणि ती महागात पडते. हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला वाटतं की लघवी पिवळी झाली ती हळदीच्या रंगानेच. तसं समजून बसू नका. गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि डबी हातात घेऊन दवाखाना गाठायचा. काविळीवर गावठी औषध घेण्यात आठवडा घालवायचा नाही.

आता आपल्या बायकांसाठी जास्त महत्त्वाचं, रक्त कमी असणं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटाच्या सतरंजीवर दहा जणी बसल्या, तर त्यातल्या पाच-सहा. अशा बाईने लोहाची गोळी घ्यायची असते. कर्क्युमिन मोठ्या मात्रेत लोहाला धरून ठेवतं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरचंच उदाहरण २०१९ मध्ये छापून आलं. सांधेदुखीसाठी रोज सहा कॅप्सूल घेत होते, अंगातलं लोह घटत गेलं, लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढेना. हळदीच्या कॅप्सूल बंद केल्या आणि सुधारलं. एका माणसाच्या उदाहरणावरून सगळ्यांचा नियम होत नाही. पण आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या एका हाताने आणि या पिवळ्या दुसऱ्या हाताने घेतल्या, तर तुमच्याच पैशाने तुमचं रक्त अडवल्यासारखं होईल.

भाजीतल्या हळदीने असं होत नाही. थायलंडमध्ये २००६ मध्ये तरुण मुलींवर हेही तपासलं गेलं. जेवणात अर्धा ग्रॅम हळद घातली तर लोह शोषणं कमी झालं नाही. मिरचीने मात्र झालं. (आपल्या ठेच्याला कुणी नाव ठेवलेलं मला आवडत नाही, पण ज्यांचं रक्त कमी आहे त्यांनी लोहाची गोळी ठेचा-भाकरीबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.)

पित्ताशयात खडे असतील, तर ही गोळी घ्यायचीच नाही. कर्क्युमिनने पित्ताशय आकसतं, आणि खडा नळीत अडकला तर ऑपरेशनची पाळी येते. मुतखडा होत असेल, तरी नको. हळदीत ऑक्झलेट असतं आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयात स्टेंट बसवलेला असेल, झडपेचं ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये असा इशारा दिला होता. वॉरफेरिन घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीची गोळी सुरू केली आणि काही आठवड्यांत रक्त इतकं पातळ झालं, की रक्तस्राव होऊन जीव जायची वेळ. फिटच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांचंही मिरीच्या अर्काने प्रमाण बिघडतं. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी ही कॅप्सूल बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. आपण काय करतो, की डॉक्टर विचारतात "कोणती औषधं चालू आहेत?" आणि आपण हळदीचं नावच घेत नाही, कारण आपल्या लेखी ते औषध नसतंच.

पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी आई यांनी रोजच्या जेवणातली हळद, हळदीचं दूध खुशाल घ्यावं. कॅप्सूल नाही. बाळंतपणाच्या विषयावर आलोच आहोत, तर तान्ह्या बाळाच्या नाळेवर हळद लावू नका. नाळ कोरडी ठेवायची, बस.

दोन दिवसांत आराम पडला तर

बाजारात बाटलीबंद कॅप्सूलपेक्षा वाईट एक प्रकार असतो. पुडीतली "जडीबुटी". पिवळी भुकटी, हळद-अश्वगंधा-अमुक-तमुक, नाव नाही, गाव नाही. आठवडी बाजारात गाडीवर मिळते. दहा वर्षांचा गुडघा दोन दिवसांत मोकळा होतो. अशा भुकटीत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध वाटून मिसळलेलं असतं, हे आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अनेकदा नोंदवलं आहे. भूक वाढते, तोंड गोल गरगरीत होतं, घरचे म्हणतात "बाई सुधारली". मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. हळद किंवा कोणतीही वनस्पती दोन दिवसांत जादू करत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. अशी पुडी बरेच महिने घेतली असेल तर मात्र एकदम बंद करू नका. त्यानेही धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू बंद करतील.

डबी उलटी करा

पुढच्या बाजूला फुलं, हळकुंडं आणि हसणारी बाई असते. वाचायचं असतं ते मागे. अक्षरं बारीक असतात, नातवंडाला वाचायला सांगा.

डबीवर एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक असेल, तर सरकारदरबारी ती खाण्याची वस्तू आहे, औषध नाही. अशा पूरक आहाराच्या डबीवर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत छापावंच लागतं. शोधा, सापडेल. जी डबी स्वतःच सांगते की मी औषध नाही, ती गुडघ्याचं, साखरेचं औषध म्हणून तुम्हाला कशी विकली जाते, हे विकणारीला विचारा. भांडायला नको. नुसतं वाचून दाखवा.

डबीवर "आयुर्वेदिक औषध" असं असेल, तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हवी. अशी औषधं वैद्यांना विचारून घ्यावीत. चांगला वैद्य नाडी बघतो, पचन विचारतो, चालू औषधं विचारतो आणि किती दिवस घ्यायचं हेही सांगतो. हळद आयुर्वेदात औषध आहे म्हणूनच तिला मात्रा आहे.

दोन्हींपैकी काहीच नसेल, तर डबी परत करा आणि पैसे मागा.

पैशाचंही बोलायला हवं. समजा, साठ कॅप्सूलची डबी ९०० रुपयांना आहे. रोज दोन म्हणजे महिन्याला एक डबी, वर्षाला १०,८०० रुपये. गुडघ्यासाठी हाच पैसा काढायचा असेल, तर एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून होतं. व्यायाम शिकून येता येतो. मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम फुकट आहे आणि गुडघ्याच्या संधिवातावर त्याचा उपयोग होतो याबद्दल डॉक्टरांत फारसं दुमत नाही. खाली बसून कामं कमी करणं, वजन असेल तर थोडं उतरवणं, यानेही फरक पडतो. कॅप्सूलसाठी गटातून अंतर्गत कर्ज देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दवाखान्यासाठी जरूर द्यावं. आणि गटाच्या सभेत अशा वस्तूंची विक्री करू देऊ नये. ती सभा बचतीची असते.

आपल्या गटाची हळद

आपल्यातले काही गट हळद पावडर करून विकतात. त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण या सगळ्यात खरी कमाईची संधी त्यांच्याकडे आहे.

हळकुंडाला पॉलिश करताना झळाळी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाची पिवळी पूड लावतात. त्यात शिसं असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचं अपाय करतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या जवळजवळ निम्म्या हळदीत हे सापडलं होतं. लोकांना सांगितलं, बाजारात छापे घातले, दंड केले आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. घरी बघायचं असेल तर ग्लासभर पाण्यात हळकुंड टाका. चांगलं असेल तर पाण्याला रंग सुटत नाही, लेप असेल तर पाणी लगेच भडक पिवळं होतं. पावडर असेल तर चमचाभर पाण्यात टाका. शुद्ध हळद फिकट पिवळा रंग देत तळाशी बसते. रंग मिसळलेली पाणी गडद करते. ही प्राथमिक परीक्षा आहे, खात्री प्रयोगशाळेतच होते. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा क्रमांक फुकट आहे.

तेव्हा फार झळाळणारी हळद मागणाऱ्या गिऱ्हाईकाला आपण समजावून सांगायचं, की आमची थोडी मंद दिसते कारण तिला काही लावलेलं नाही. हे पाकिटावर लिहायला हरकत नाही. गावाचं नाव, जात, दळल्याची तारीख, वजन, नोंदणी क्रमांक, सगळं लिहा. फक्त "मधुमेहावर गुणकारी", "कॅन्सर रोखते", "सांधेदुखी बरी होते" असलं काही लिहू नका, छापणाऱ्याने आग्रह केला तरीही. अन्नसुरक्षा कायदा २००६ प्रमाणे खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली, तर १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्षभराची उलाढाल एका ओळीत जायची.

पुढच्या सभेसाठी

ज्यांच्या घरी हळदीच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीच्या कॅप्सूल, पुड्या आहेत, त्यांनी पुढच्या मासिक सभेला त्या घेऊन याव्यात. रिकामी डबी असली तरी चालेल. कुणीही कुणाला हसायचं नाही, आणि विकणाऱ्या ताईलाही बोलायचं नाही. तिलाही कुणीतरी असंच सांगून विकलेलं असतं. सीआरपीताई प्रत्येकीच्या नावापुढे चार गोष्टी लिहून घेतील: डबीवर काय लिहिलंय, एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम, किती महिने चालू आहे, आणि डॉक्टरांची दुसरी कोणती औषधं चालू आहेत. ज्यांना पित्ताशयाचे खडे, रक्त पातळ करायची गोळी, कमी रक्त, दिवस गेलेले किंवा यकृताचा जुना त्रास आहे, त्यांच्या नावापुढे फुली. फुलीवाल्या मैत्रिणींनी त्या दिवसापासून कॅप्सूल थांबवायची आणि त्याच आठवड्यात आशाताईंबरोबर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन यायचं. तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस घेतलेल्या इतर जणींनी यकृताची रक्ततपासणी करायची का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. औषधाने त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर कळवता येतं, नाव गुप्त राहतं.

यादी ग्रामसंघाच्या फाईलला लावा आणि तिची एक प्रत आशाताईंकडे द्या.